दानाची मूठ आणि नांवाची पाटी

जुलै महिना उजाडला कीं साताऱ्यांत व सांगलींत एका विशिष्ट प्रकारच्या समारंभांचा हंगाम सुरू होतो. रानांत पेरण्या उरकत आलेल्या असतात, कृष्णेचें पाणी गढूळ होऊन वर चढूं लागलेलें असतें, आणि शहरांतील एखाद्या सभागृहांत रोटरी किंवा लायन्स क्लबच्या नव्या अध्यक्षांचा पदग्रहण-समारंभ चाललेला असतो. या संस्थांचें वर्ष जुलैच्या पहिल्या तारखेस सुरू होतें. मावळते अध्यक्ष आपल्या गळ्यांतील मानाची पट्टी उतरवून नव्या अध्यक्षांच्या गळ्यांत घालतात. गेल्या सालांत झालेल्या रक्तदान-शिबिरांचा, नेत्रतपासणीचा, शाळांना दिलेल्या बाकांचा व वह्यांचा पाढा वाचला जातो. निधीसाठीं लावलेल्या नाट्यप्रयोगाचा जमाखर्च सांगण्यांत येतो, आणि मग सत्कार सुरू होतात. शिक्षकाचा सत्कार, डॉक्टराचा सत्कार, प्रगतिशील शेतकऱ्याचा सत्कार, देणगीदारांचा सत्कार, आणि अखेरीस ज्यांनीं हे सत्कार घडवून आणले त्यांचाहि सत्कार! शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि छायाचित्र. एवढे नारळ एका आठवड्यांत खपूनहि त्यांचा भाव चढत नसेल, तर तो केवळ व्यापाऱ्यांचा भलेपणा म्हणावयाचा.

या प्रकाराची थट्टा करणें सोपें आहे, आणि ती पुष्कळ वेळां होतेहि. परंतु थट्टा करणाराच्याच घरांतील एखाद्या वृद्धाचा मोतीबिंदु अशा एखाद्या शिबिरांत निघालेला असतो, हें तो सोईस्करपणें विसरतो. तेव्हां हे क्लब मुळांत आले कोठून आणि करतात काय, हें प्रथम नीट पाहिलें पाहिजे.

अमेरिकेंतील शिकागो शहरांत २३ फेब्रुवारी १९०५ रोजीं पॉल हॅरिस नांवाच्या एका वकिलानें आपल्या तिघां परिचितांसह एक लहानशी बैठक भरविली. मोठ्या शहरांत धंदा करणाऱ्या माणसास मित्र मिळत नाहींत, ही त्याची साधी तक्रार होती. बैठक आज एकाच्या कचेरींत तर पुढच्या खेपेस दुसऱ्याच्या, अशी फिरती ठेवण्यांत आली. त्या फिरण्यावरूनच 'रोटरी' हें नांव पडलें. केवळ स्नेहासाठीं निघालेल्या या मंडळास दोन वर्षांतच लोकोपयोगी कामाची ओढ लागली, आणि त्यांनीं हातीं घेतलेलें पहिलें काम कोणतें, तर शहरांत सार्वजनिक शौचगृह बांधविण्याचें! थाटामाटाच्या मेजवान्यांशीं ज्यांच्या मनांत रोटरीचें नांव जोडलेलें आहे, त्यांनीं हा आरंभ ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. हिंदुस्थानांतील पहिला रोटरी क्लब १९१९ सालीं कलकत्त्यास निघाला. लायन्सची स्थापनाहि शिकागोंतच, १९१७ सालीं, मेल्व्हिन जोन्स यांच्या पुढाकारानें झाली. पुढें १९२५ सालीं हेलन केलर या अंध व बधिर विदुषीनें लायन्सच्या परिषदेंत अंधांचे कैवारी होण्याचें आवाहन केलें, आणि तेव्हांपासून डोळ्यांचें काम ही या संस्थेची जणूं ओळखच बनली. मिरजेस लायन्सच्या नांवानें चाललेलें नेत्ररुग्णालय हें त्या आवाहनाचेंच एक दूरचें फळ होय.

आतां पैशाचा भाग. रोटरीच्या जागतिक निधीस मिळालेली पहिली देणगी अवघी साडेसव्वीस डॉलरांची होती. अमेरिकेंतीलच एका क्लबनें आपल्या परिषदेचा खर्च भागून उरलेली रक्कम धाडून दिली होती. आज त्या निधीस एक हजार डॉलर देणारास किंवा ज्याच्या नांवें ते दिले जातात त्यास 'पॉल हॅरिस फेलो' असें म्हणतात, आणि छातीवर लावण्यास एक लहानशी टांचणी व पदक मिळतें. लायन्समध्येंहि मेल्व्हिन जोन्स यांच्या नांवानें अशीच व्यवस्था आहे. म्हणजे मान हा येथें देणगीची पोंच म्हणून दिला जातो. यांत वावगें कांहीं नाहीं. मनुष्यस्वभाव ओळखूनच ही योजना केलेली आहे, आणि तिच्यामुळें कोट्यवधि रुपये सत्कार्यास लागले आहेत. परंतु जो हजार डॉलर देऊं शकत नाहीं, त्याच्या दानाचें काय? तें मागावें कसें, साठवावें कसें, आणि त्याचें नांव कोठें लिहावें? सार्वजनिक काम करणाऱ्या प्रत्येक मंडळापुढें हा प्रश्न आज ना उद्यां येतोच. कृष्णाकाठच्या या मुलखानें त्यास निरनिराळ्या काळीं जीं उत्तरें दिलीं, तीं कोणत्याहि क्लबच्या वार्षिक अहवालाइतकींच वाचनीय आहेत.

सातारा व सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी १९४९ पर्यंत सांगली हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि सांगली, मिरज आदि संस्थानांचा मुलूख मिळून त्या वर्षीं 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला, आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. या जुन्या, अखंड प्रदेशांत एक मनुष्य लोखंडी नांगर विकीत फिरत असे. भाऊराव पाटील हें त्यांचें नांव. जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज येथें. घराणें वाळवें तालुक्यांतील ऐतवडे बुद्रुकचें. स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतहि पोंचलें नव्हतें. किर्लोस्करांच्या नांगराचा प्रचार करीत त्यांनीं गांवोगांव पालथें घातलें. लोखंडाच्या फाळानें जमिनींत विष उतरतें, अशी समजूत त्या काळीं शेतकऱ्यांत होती. असल्या गिऱ्हाइकाच्या ओट्यावर बसून, त्याच्या घरचें पाणी पिऊन, त्याच्याच बोलीनें त्याचें मन वळवावयाचें, हें काम सोपें नव्हे. पुढें आयुष्यभर त्यांनीं शेतकऱ्यांच्या दारांत जी याचना केली, तिची उमेदवारी या नांगर-विक्रींत झाली होती असें म्हणतां येईल.

मिरजेजवळील दुधगांव येथें १९१० सालीं सर्व जातींच्या मुलांसाठीं वसतिगृह काढण्याच्या कामांत ते होते. नंतर ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कऱ्हाड तालुक्यांतील काले या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. ज्या सालीं कलकत्त्यास व्यापारी आणि अधिकारी यांचा रोटरी क्लब निघाला, त्याच सालीं काल्यास शेतकऱ्यांची ही संस्था निघाली. एकास दुसऱ्याची गंधवार्ताहि नव्हती. पांच वर्षांनीं, १९२४ मध्यें, संस्थेचें ठाणें साताऱ्यास आलें. तेथील वसतिगृहांत मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, अशीं सर्व थरांतील मुलें एका पंगतीस जेवूं लागलीं. स्वयंपाक तींच करीत, पाणी तींच भरीत, आणि शेतांतहि राबत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजीं महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपति शाहु महाराजांचें नांव देण्यांत आलें.

परंतु नांव देऊन पोट भरत नाहीं. भाऊरावांपाशीं ना जहागीर होती, ना कारखाना. शेतकऱ्यापाशीं रोकड पैसा सुगीनंतरचे चार दिवस सोडले तर कधींच नसे. उलट सावकाराचेंच देणें उभें असे. अशा माणसापुढें पावतीपुस्तक धरलें तर तो शरमेनें खालीं पाहील. तेव्हां भाऊरावांनीं पैसा मागण्याचा नाद सोडून धान्य मागितलें, आणि तेंहि घरधन्याजवळ न मागतां घरधनिणीजवळ. पहाटे दळण दळतांना जात्यांत घालावयाच्या धान्यांतून एक मूठ बाजूस काढून ठेवावी, आणि तें सांठलेलें धान्य वसतिगृहाच्या मुलांसाठीं द्यावें, एवढेंच मागणें. यास मुष्टिफंड असें नांव पडलें.

या मुठीचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. एका मुठींत फार तर चार तोळे ज्वारी मावते. तेवढ्यानें कोणाची भाकरी लहान होत नाहीं, आणि सासूच्याहि लक्षांत येत नाहीं. पण शंभर घरांतून रोज एक एक मूठ निघाली, तर चारशें तोळे, म्हणजे पांच शेर धान्य होतें. आजच्या मापानें साडेचार किलोंहून किंचित् अधिक. वाढत्या वयाच्या मुलास दिवसाकाठीं अर्धा शेर धान्य धरलें, तर शंभर उंबऱ्यांच्या एका लहानशा खेड्यानें दहा मुलें पोसलीं! महिन्याचे दीडशें शेर, म्हणजे पावणेचार मण. त्याच खेड्यांत रोख वर्गणी मागितली असती, तर पाटील-कुलकर्ण्यांच्या व दुकानदाराच्या नांवापुढें आंकडे पडले असते, आणि बाकीच्या घरांपुढें शून्य.

या योजनेची खरी खुबी धान्याच्या मापांत नव्हे, तर ती मूठ रोज भरावी लागे यांत आहे. एकदां देणगी देऊन मोकळा झालेला मनुष्य संस्थेस विसरतो, आणि विसरण्याचा त्यास एक प्रकारें हक्कहि असतो. जी बाई रोज पहाटे कोणा अनोळखी मुलासाठीं धान्य बाजूस काढते, तिला तो मुलगा पास झाला कीं नाहीं याची चौकशी करावीशी वाटते. पुढें तिच्याच मनांत येतें कीं, आपलाहि पोरगा तेथें कां जाऊं नये? ज्या घरांत अक्षरशत्रुत्व पिढीजात होतें, त्या घरांत शाळेचा विषय अशा रीतीनें जात्यापाशीं निघाला. दान घेतां घेतां विद्यार्थीहि मिळत गेले. निधि जमविण्याची अशी युक्ति, कीं जिच्यांत देणारा हाच उद्यांचा घेणारा होतो, ती क्वचितच कोठें साधलेली असेल.

अर्थात् मुठीनें नेहमींच भागत असे असें नाहीं. वसतिगृहांत शिधा संपल्याची वेळ अनेकदां आली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या जुन्या वळणाच्या, सोंवळें-ओंवळें पाळणाऱ्या जैन घराण्यांतून आलेल्या होत्या. त्याच बाईनें अठरापगड जातींच्या मुलांना पोटाशीं धरलें, आणि एकामागून एक आपले दागिने या संसारास लावले. एकदां भाऊराव परगांवीं असतांना घरांत धान्याचा दाणा उरला नाहीं, तेव्हां त्यांनीं गळ्यांतील मंगळसूत्र मोडून मुलांच्या जेवणाची सोय केली. ज्या काळीं आणि ज्या समाजांत सौभाग्यवतीचा मोकळा गळा हा अपशकुन समजला जाई, तेथें हें घडलें, हें आजच्या तरुण श्रोत्यांस मुद्दाम सांगावयास हवें. १९३० सालीं त्या निवर्तल्या. कोणत्याहि परिषदेनें त्यांस पदक दिलें नाहीं. 'रयतमाउली' म्हणून त्यांचें नांव संस्थेंत घेतलें जातें, तें मुलांच्याच तोंडून रूढ झालेलें आहे.

नांवाविषयीं भाऊरावांचें धोरण मोठें व्यवहारी होतें. देणगीदाराचें नांव शाळेस देण्यास त्यांचा विरोध नव्हता. संस्थेच्या कितीतरी शाळांवर दात्यांचीं नांवें आहेत. साताऱ्याच्या हायस्कुलास १९४० सालीं महाराजा सयाजीराव गायकवाडांचें नांव देण्यांत त्यांना धन्यताच वाटली. तथापि १९४७ सालीं छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें, आणि पैशाची ओढाताण असतांना एक धनिक मोठी रक्कम घेऊन पुढें आला, ती मात्र कॉलेजचें नांव बदलण्याच्या अटीवर, अशी एक हकीकत सांगतात. भाऊरावांनीं ती रक्कम नाकारली. बापाचें नांव बदलण्यास सांगाल तर एक वेळ विचार करीन, पण शिवाजीचें नांव बदलणार नाहीं, अशा आशयाचें त्यांचें उत्तर साताऱ्यांत आजहि वृद्धांच्या तोंडीं आहे. देणारास मान द्यावा, पण त्यासाठीं अगोदरच दिलेला मान काढून घेऊं नये, ही त्यांनीं आंखलेली मर्यादा.

या धोरणाची कसोटी लवकरच लागली. १९४८ सालीं मुंबई सरकारशीं मतभेद होऊन संस्थेचें अनुदान थांबलें. महात्माजींच्या स्मरणार्थ एकशें एक हायस्कुलें काढण्याचा संकल्प भाऊरावांनीं सोडला होता, आणि हातीं सरकारी पैसा नाहीं! परंतु जिचा पाया घरोघरच्या मुठींवर होता, ती संस्था एका सहीनें बंद पडणारी नव्हती. लोक पुढें आले, शिक्षकांनीं झळ सोसली, आणि कालांतरानें अनुदानहि पूर्ववत् झालें. आज या संस्थेच्या सातशेंहून अधिक शाखा आहेत. भाऊरावांस पद्मभूषण आणि पुणें विद्यापीठाची सन्माननीय डी. लिट्. पदवी हे दोन्हीं मान मिळाले ते १९५९ सालीं, आणि त्याच वर्षीं ९ मे रोजीं त्यांचें निधन झालें. राजमान्यता अशी अखेरच्या पायरीवर येऊन पोंचली. 'कर्मवीर' ही पदवी मात्र रयतेनें त्यांना कितीतरी आधीं देऊन टाकलेली होती, आणि लोक आज त्यांस ओळखतात तें त्याच पदवीनें.

आतां कृष्णाकांठ सोडून येरळेच्या कोरड्या पात्राकडे वळावें. सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यांत बळवडी आणि तांदुळवाडी हीं गांवें आहेत. पाऊस बेभरंवशाचा, विहिरी आटलेल्या, आणि घरोघरचे तरुण मुंबईच्या गिरण्यांत. १९८२ सालीं गिरण्यांचा मोठा संप झाला, तेव्हां यांतले बरेच जण गांवीं परतले. गांवांत पाहतात तों येरळेच्या पात्रांतील वाळू ठेकेदारांच्या मालमोटारींत भरून चाललेली! वाळू गेली कीं नदींत मुरणारें पाणी गेलें, आणि पाण्याबरोबर विहिरीहि गेल्या. या लोकांनीं मुक्तिसंघर्ष चळवळीच्या रूपानें एकत्र येऊन ठेक्यांस विरोध केला, आणि सरकारपुढें एक चमत्कारिक वाटणारी मागणी ठेविली. वाळूचा बेसुमार उपसा बंद करा. आम्हांस बेतानें थोडी वाळू विकूं द्या. त्या पैशांतून आम्ही आमचें धरण बांधतों.

सरकारी परवानगी मिळण्यास पुष्कळ झगडावें लागलें. पण अखेर वाळूच्या विक्रीचा पैसा, लोकांची वर्गणी, विद्यार्थ्यांचें व गांवकऱ्यांचें श्रमदान, आणि कांहीं कळकळीच्या अभियंत्यांचें मार्गदर्शन, एवढ्या भांडवलावर तें धरण उभें राहिलें. पाण्याच्या वांटणींत केवळ जमीनदारासच नव्हे, तर भूमिहीन कुटुंबासहि सारखा हक्क असावा, हें तत्त्व त्यांनीं आरंभींच ठरवून घेतलें होतें. नदीच्या वाळूवर जसा गांवांतील प्रत्येकाचा हक्क, तसाच तिच्या पाण्यावरहि, असा त्यांचा सरळ युक्तिवाद. धरणास नांव काय द्यावें, हा प्रश्न येथेंहि आलाच असणार. त्यांनीं तें ना पुढाऱ्याचें दिलें, ना दात्याचें. 'बळीराजा स्मृति धरण' असें तें नांव आहे. ज्याचें राज्य परत येवो म्हणून इडा-पिडा टळण्याची प्रार्थना महाराष्ट्रांतील बायका दिवाळीच्या पाडव्यास ओवाळतांना करतात, त्या बळीपाशीं देणगीची रक्कम विचारण्याची सोय नाहीं!

मान आणि दान यांची सांगड घालण्याचा आणखी एक प्रयोग सातारा जिल्ह्यांतच झाला, आणि तो निराळ्या अंगाचा आहे. २०१६ सालीं पाणी फाउंडेशन या संस्थेनें गांवांगांवांत जलसंधारणाची एक स्पर्धा लाविली. चित्रपट-नट आमीर खान आणि त्यांचे सहकारी यांनीं ही संस्था काढली होती. पहिल्या वर्षीं विदर्भांतील वरूड, मराठवाड्यांतील अंबाजोगाई आणि साताऱ्यांतील कोरेगांव, अशा तीन तालुक्यांतील ११६ गांवें उतरलीं. पंचेचाळीस दिवसांत जें गांव श्रमदानानें व योजनेनें पावसाचें पाणी अडविण्याचें सर्वांत चांगलें काम करील, त्यास पन्नास लाख रुपयांचें बक्षीस. उन्हाळ्याचे दिवस. कुदळ मारली तर ठिणगी उडावी अशी भुई. पहांटे गार वाऱ्यांत लोक टेंकडीवर जात, उतारास आडवे समतल चर खणीत, ओघळींत दगडी बांध रचीत. सधन शेतकरी, मास्तर, सुना, शाळकरी पोरें, सर्वांच्या हातीं सारखेंच टिकाव-घमेलें. त्या वर्षीं पहिलें बक्षीस कोरेगांव तालुक्यांतील वेळू गांवानें मिळविलें. पुढें २०१८ सालीं माण तालुक्यांतील टाकेवाडीनें पहिला क्रमांक पटकाविला; तेव्हां बक्षिसाची रक्कम पंचाहत्तर लाखांची झाली होती. २०१९ पर्यंत ही स्पर्धा चालली.

बक्षिसाच्या आमिषानें काम करणें हें खरें काम नव्हे, असा आक्षेप या स्पर्धेवर घेणारे होते. त्यांत थोडें तथ्य आहे. स्पर्धा संपली कीं टिकाव कोपऱ्यांत पडलेलीं गांवेंहि असणारच. परंतु या बक्षिसाची घडण पाहण्यासारखी होती. तें सरपंचास नव्हतें, पुढाऱ्यास नव्हतें, उत्कृष्ट समाजसेवकासहि नव्हतें. तें गांवास होतें. गांवांतील दोन भाऊबंद बांधावरून कोर्टांत भांडत असतील, तर त्यांना एका चरांत उतरल्यावांचून गुण मिळत नसत. आणि ज्यांस बक्षीस मिळालें नाहीं, त्यांच्याहि शिवारांत पहिल्या पावसाचें पाणी चरांतून सांचलेंच. हरलेल्यासहि कांहींतरी हातीं लागतें अशीं पारितोषिकें जगांत फार थोडीं.

व्यक्तीस द्यावयाच्या मानाचें मोल कमी आहे, असा याचा अर्थ नव्हे. सांगलीस विष्णुदास भाव्यांच्या नांवानें जें गौरवपदक नाट्यकलावंतांस दिलें जातें, त्याचें उदाहरण घ्यावें. १८४३ सालीं सांगलीकर पटवर्धनांच्या आश्रयानें भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, म्हणून ५ नोव्हेंबर हा रंगभूमिदिन मानतात, आणि त्याच दिवशीं सांगलींतील अखिल महाराष्ट्र नाट्यविद्यामंदिर समिति हें पदक देते. बालगंधर्वांसारख्यांनीं तें स्वीकारलेलें आहे. मुंबई-पुण्याचे मोठमोठे पुरस्कार मिळविलेले नट या पदकाची वाट पाहतात, तें त्याबरोबर येणाऱ्या रकमेसाठीं नव्हे. देणारांनीं तें विकलें नाहीं, आणि दर वर्षीं डझनावारी वाटलेंहि नाहीं. आजकाल एकेका व्यासपीठावरून पंचवीस-तीस 'भूषण' आणि 'रत्न' एकाच संध्याकाळीं निघतात, तेव्हां शेवटच्या रत्नाची पाळी येईपर्यंत टाळ्या वाजविण्यास रत्नांचे नातेवाईक तेवढे उरलेले असतात.

ऑगस्ट २०१९ मध्यें या मुलखाची फार कठीण परीक्षा झाली. कृष्णेस असा पूर आला कीं सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाणी सत्तावन फुटांच्या वर गेलें. पंचेचाळीस फूट ही तेथील धोक्याची खूण. अर्धें शहर पाण्यांत, पलूस-वाळव्याकडील गांवेंच्या गांवें वेढलेलीं. त्या दिवसांत मदतीचा जो लोंढा आला, तोहि पुरासारखाच होता. क्लब, मंडळें, तालमी, मशिदी, गुरुद्वारे, शाळा, सारे धांवले. पण दोन गोष्टी तेव्हां दिसून आल्या. एक अशी कीं, लोकांनीं आपल्या कपाटांतील जुने कपडे गाठोडीं बांधून धाडले. ज्यास चूल पेटविण्यास कोरडी काडी नाहीं, त्यानें वापरलेल्या कपड्यांचें काय करावें? दुसरी अशी कीं, मदतीच्या पाकिटांवर नांवें आणि छायाचित्रें छापलेलीं आढळलीं, आणि त्यावरून वर्तमानपत्रांत बराच गदारोळ झाला. गहूं-तांदुळाच्या पिशवीवर दात्याचें चित्र चिकटविण्यास जो वेळ लागला असेल, तेवढ्या वेळांत ती पिशवी एका उंबऱ्यापर्यंत गेली असती, ही लोकांची चीड होती. याउलट ज्यांनीं भाकरी थापून पाठविल्या, त्या बायकांचीं नांवें कोणासहि ठाऊक नाहींत. आसपासच्या खेड्यांतून रात्रंदिवस भाकरी आल्या. घरटी पांच, घरटी दहा. भाऊरावांच्या मुष्टिफंडाची ज्यांस माहिती आहे, त्यांना ती पद्धत ओळखीची वाटली असेल.

क्लबांविषयीं आरंभीं जें बोलणें झालें, त्यांतील एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे. १९८५ सालीं रोटरीनें जगांतून पोलिओ नाहींसा करण्याचें काम अंगावर घेतलें. त्या टांचण्यांचा आणि पदकांचा पैसा मुख्यतः इकडे वळला. हिंदुस्थानांत १९९५ पासून सरकारनें 'पल्स पोलिओ'चे रविवार सुरू केले, तेव्हां शाळेच्या व्हरांड्यांत, एस. टी. स्थानकावर, ऊसतोडणी कामगारांच्या पालांवर अंगणवाडी-सेविका व आरोग्य-कर्मचारी यांच्या जोडीनें या क्लबांचे सभासदहि उभे राहिले. त्यांत कापडाचे व्यापारी होते, वकील होते, दांतांचे डॉक्टर होते. देशांतील अखेरचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं भारत पोलिओमुक्त झाल्याचें जाहीर झालें. जेथें पूर्वीं प्रत्येक गांवांत पाय लुळा पडलेलें एखादें तरी पोर दिसे, तेथें आतां पहिलीच्या वर्गांत तसें पोर शोधूनहि सांपडत नाहीं. त्या रविवारीं दोन थेंब पाजल्यावर मुलाच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाईची एक खूण करीत, तीहि पुन्हां त्याच मुलाकडे जावें लागूं नये एवढ्यासाठींच. पुढें ती निघून जाई.